कुरतडलेल्या पानापासून सुरुवात करा

पत्र

सप्रेम नमस्कार. गेली काही वर्षं नोकरी सांभाळून मी चित्रं काढते. कलाशाळेत गेलेली नाही. माझा विषय एकच: निसर्ग आणि सगळ्या जीवांचं एकमेकांत गुंतलेलं असणं. या विचाराने मी भारावून जाते. पण कागदावर येतं ते असं. एक मोठं झाड, त्याची मुळं खाली माणसाच्या नसा होतात, फांद्यांत पक्षी, मासे, फुलपाखरं, हत्ती आणि बुंध्याशी डोळे मिटून बसलेली एक बाई. बघणारे ‘सुंदर’ म्हणतात, काही चित्रं विकलीही गेली. मला मात्र ती पोकळ वाटतात. आत जे जाणवतं ते तिथे नाहीच. मी जीवशास्त्र शिकलेले नाही, जंगलात जायला वेळ नाही, म्हणून फोटो बघून काढते. हे असंच चालायचं का? आणि एक प्रश्न सारखा बोचतो. झाडं पडत असताना झाडांची चित्रं काढत बसण्याला काही अर्थ आहे का?

– एक चित्रकार वाचक

उत्तर

सप्रेम नमस्कार.

लोक वाखाणत असताना आपलं चित्र आपल्यालाच पोकळ वाटणं ही चांगली खूण आहे. तुमची नजर तुमच्या हाताच्या पुढे गेली आहे. हात मागून येईल. तेव्हा जुनी चित्रं फाडू नका आणि ती विकली गेली म्हणून मन खाऊ देऊ नका. देखणं चित्र जमणं ही कमाई आहे, ती पुढे कामाला येणार आहे.

आता दुखणं कुठे आहे ते बघू. तुम्ही वर्णन केलंत त्या चित्रात जीव पुष्कळ आहेत, पण त्यांचा एकमेकांशी काही व्यवहार नाही. फांदीवरचा तो पक्षी काय खातो? ते फुलपाखरू अंडी कुठे घालतं? मासा झाडावर कशासाठी आला? सगळे जण समारंभाच्या फोटोला उभे राहावेत तसे शेजारी शेजारी उभे आहेत. मुळांच्या नसा केल्या की ‘सगळं एक आहे’ हे वाक्य चित्रात आलं खरं, पण बघणाऱ्याला ते आधीपासून पाठ आहे. त्याला काही नवं दिसत नाही. आणि काढताना तुम्हालाही काही नवं सापडत नाही, हे जास्त महत्त्वाचं. पोकळपणा येतो तो इथून.

सगळ्या सृष्टीच्या गुंतलेपणाचं चित्र काढायला बसलं की हात निसटतो. चित्र निघतं ते एका नात्याचं. हे पान आणि ही अळी. हा थेंब आणि ही मुंगी. असं एकच नातं पुरतं बघून काढलंत तर त्याला लागून असलेलं दुसरं आपोआप समोर येतं, कारण ते खरोखरच लागून असतं. तुम्हाला जे भारावून टाकतं त्याच्यापर्यंत जायची मला माहीत असलेली वाट हीच आहे.

म्हणून पहिला सल्ला असा, की पुढचे काही महिने धडधाकट पान काढू नका. कुरतडलेलं, भोकं पडलेलं, गाठी आलेलं पान शोधा. त्यासाठी जंगल लागत नाही. कुंडीतलं, कुंपणावरचं, रस्त्याच्या कडेचं कुठलंही चालेल.

लिंबाच्या कोवळ्या पानावर पांढुरकी, चमकदार, नागमोडी रेघ तुम्ही पाहिली असेल. झाडं लावणारे लोक त्या किडीला नागअळी म्हणतात. ते पान भिंगाखाली धरा. पानाला वरून आणि खालून पातळ साल असते. नागअळी या दोन सालींच्या मध्ये राहते आणि आतला भाग खात पुढे सरकते. रेघ जिथे केसाएवढी बारीक आहे तिथे अळी अंड्यातून निघाली. पुढे रेघ रुंद होत जाते, कारण खाणारी वाढते आहे. रेघेच्या मधोमध एक काळसर धागा दिसेल, ती तिची विष्ठा. रेघ संपते तिथे बहुतेक वेळा पानाची कड दुमडलेली असते आणि त्या घडीत तिचा कोष असतो. एका जीवाचं सगळं बालपण दुसऱ्या जीवाच्या अंगावर मापासकट लिहिलेलं आहे. कधी ही रेघ मध्येच थांबते. गांधीलमाशीच्या गणातल्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या एखाद्या कीटकाने आतल्या अळीवर अंडं घातलेलं असू शकतं. म्हणजे बोटाएवढ्या पानात तिसरा जीवही आला.

हे काढायचं कसं? आधी पान रंगवून वर रेघ ओढू नका. रेघेपासून सुरुवात करा. अळीने जिथे सुरुवात केली तिथे कुंचल्याचं टोक टेका आणि ती जशी गेली तसे जा. ती रुंदावते तिथे दाब वाढवा. शीर आडवी आल्यावर ती वळली की ओलांडून गेली, हे हाताला कळू दे. पान नंतर भरा, त्या वाटेच्या भोवतीने. तुमच्या लक्षात येईल की पानाचा आकारसुद्धा त्या वाटेमुळे ठरला आहे. जिथे अळीने जास्त खाल्लं तिथे पान आकसलं आहे, मुरडलं आहे. आता या चित्रात अळी कुठे संपते आणि पान कुठे सुरू होतं हे तुम्हाला सांगता येणार नाही. तुम्ही मुळांच्या नसा करून जे म्हणू पाहत होतात ते इथे न म्हणता आलेलं आहे.

दुसरा अभ्यास कोवळ्या शेंड्यावर करा. मावा पडलेला बोटभर शेंडा मिळाला तर महिनाभराचं काम झालं म्हणून समजा. मावा झाडाचा रस शोषतो. त्या रसात साखर भरपूर पण शरीर वाढवायला लागणारी द्रव्यं कमी, म्हणून त्याला खूप रस प्यावा लागतो आणि जादा साखर गोड थेंबांच्या रूपाने बाहेर टाकावी लागते. त्या थेंबांसाठी मुंग्या येतात, मिशांनी माव्याला हलकेच थोपटतात आणि माव्यावर ताव मारायला आलेल्या ढालकिड्याला, म्हणजे ठिपकेदार लेडीबर्डला, हुसकून लावतात. मुंग्यांच्या तावडीतून सुटलेले थेंब खालच्या पानांवर सांडतात, पानं चिकट होतात आणि त्या चिकट्यावर काळी बुरशी चढते. झाड, मावा, मुंगी, ढालकिडा, बुरशी. इथे पाच जीवांची पाच सुबक चित्रं काढलीत तर पुन्हा तोच समारंभाचा फोटो होईल. गोड थेंब मधोमध घ्या. कोणाची तोंडं त्याच्याकडे वळली आहेत, कोण त्याच्यापासून हाकललं जातं आहे आणि तो सांडला तर कुठे जातो, एवढंच काढा. मुंगीचे पाय सहा आहेत ना, हे नंतर तपासता येतं. ती कुठे निघाली आहे हे मात्र समोर बसूनच कळतं.

या वाटेने फार पूर्वी एक बाई गेली आहे, तिच्याबद्दल सांगायलाच हवं. मारिया सिबिला मेरियन, जन्म १६४७, फ्रँकफर्ट. सावत्र वडील फुलांची चित्रं काढणारे. ही तेराव्या वर्षापासून रेशमाचे किडे पाळून त्यांचं बदलणं टिपत होती. कीटक चिखलातून, कुजण्यातून आपोआप उपजतात असं मानणारे त्या काळी पुष्कळ होते. मेरियनने अळ्या घरी वाढवल्या, कोणती अळी कोणतं पान खाते हे पाहिलं आणि अंडं, अळी, कोष, पाखरू हे सगळं एकाच कागदावर, ज्या झाडावर ते वाढतं त्या झाडासकट काढलं. कधी कोषातून फुलपाखराऐवजी माश्याच बाहेर पडायच्या. इतर कुणी तो नमुना फेकून दिला असता, तिने त्याचीही नोंद केली. १६९९ साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, धाकट्या मुलीला घेऊन ती दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेली, दोन वर्षांनी आजारी होऊन परतली आणि १७०५ साली तिचं साठ चित्रांचं पुस्तक निघालं. त्यातल्या एका चित्रात मोठा कोळी लहान पक्ष्याला खातो आहे. पुढच्या विद्वानांनी ते थोतांड ठरवलं. एकोणिसाव्या शतकात हेन्री बेट्स या निसर्ग अभ्यासकाने ॲमेझॉनच्या खोऱ्यात कोळ्याने मारलेले पक्षी स्वतः पाहिले आणि ती खोटी नव्हती हे मान्य झालं.

तिची चित्रं आजही जिवंत वाटतात याचं कारण माझ्या मते तिचं रंगकाम नाही, तेही उत्तम आहे तरी. तिच्या कागदावरची पानं खाल्लेली आहेत. तिच्या आधीचे आणि नंतरचेही अनेक चित्रकार पान निर्दोष काढत आणि त्यावर किडा नुसता ठेवून देत. उलट टोकाचं उदाहरण हवं असेल तर अर्न्स्ट हेकेल हा जर्मन जीवशास्त्रज्ञ बघा. जीव आणि त्यांचा परिसर यांच्या नात्याच्या शास्त्राला, म्हणजे इकॉलॉजीला, १८६६ साली नाव दिलं ते याच माणसाने. पण १८९९ ते १९०४ या काळात त्याने प्रसिद्ध केलेल्या शंभर चित्रांत बहुतेक जीव एकेकटे, कमालीचे सममित, कोऱ्या किंवा काळ्या पार्श्वभूमीवर तरंगताना दिसतात. ती चित्रं विलक्षण देखणी आहेत, मी ती तासन्‌तास बघू शकते. पण तो प्राणी काय खात होता, त्याला कोण खात होतं, हे त्यातून कळत नाही. नात्याचं शास्त्र ठाऊक असलं म्हणून नातं चित्रात उतरतंच असं नाही. म्हणूनच जीवशास्त्र न शिकल्याचं इतकं ओझं तुम्ही घेऊ नका.

थोडी माहिती मात्र लागते, आणि ती मिळवण्याचा सोपा क्रम आहे. आधी झाडाचं नाव शोधा. अनेक फुलपाखरांच्या अळ्या एकाच किंवा दोन-चारच प्रकारच्या झाडांवर जगतात, त्यामुळे झाड कळलं की त्यावरच्या जीवाची ओळख निम्मी झाली. मग जाणत्या माणसाला विचारा. माळी, शेतकरी, औषधी वनस्पती ओळखणारी एखादी आजी, कॉलेजातले शिक्षक, कुणीही. मेरियनला सुरिनाममधल्या वनस्पतींचे उपयोग सांगितले ते तिथल्या मूळनिवासी आणि गुलाम बायकांनी. त्यांनी सांगितलं हे तिने लिहून ठेवलं, पण त्यांची नावं आपल्यापर्यंत आली नाहीत. तुम्ही ज्याच्याकडून शिकाल त्याचं नाव, त्याची हरकत नसेल तर, चित्राच्या मागे लिहून ठेवा.

आता एका गोष्टीबद्दल थोडं कठोर बोलते. तुमच्या चित्रातली सृष्टी फार गोड आहे. गुंतलेपण म्हणजे सगळ्यांचा सलोखा, असं त्यातून दिसतं. खरं गुंतलेपण खाण्याचं, कुजण्याचं, फसवण्याचं आणि मरण्याचंही असतं, आणि ते वगळलं की उरतं ते सजावटीपुरतं. उंबर घ्या. उंबराचं फूल दिसत नाही, कारण फुलं फळासारख्या दिसणाऱ्या त्या गोळ्याच्या आत असतात, शेकड्यांनी. टोकाला एक बारीक भोक असतं. त्यातून एक चिमुकली मादी, तीही गांधीलमाशीच्या गणातली, अंग रेटून आत शिरते आणि शिरताना बहुधा तिचे पंख तुटतात. बरोबर आणलेले परागकण ती फुलांवर टाकते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. पुढे आत जन्मलेले बिनपंखी नर माद्यांशी जुगतात आणि बाहेर पडायची वाट कोरतात. त्यांच्या जन्मजात पंख असलेल्या बहिणी पराग घेऊन त्या वाटेने दुसऱ्या उंबराकडे निघतात. नरांचं सगळं आयुष्य त्या एका गोळ्यात संपतं. वड, पिंपळ, उंबर, अंजीर यांच्या या कुळात साडेसातशेहून जास्त जाती आहेत आणि बहुतेक जातींचा असा आपापला ठरलेला कीटक आहे. त्याच्याशिवाय झाडाला बी नाही, झाडाशिवाय त्याला घर नाही. उंबराचा उभा छेद काढताना त्या मेलेल्या मादीचं शरीर गाळू नका. ते गाळलंत तर उंबर अर्धंच काढलं.

तुमच्यासारख्या चित्रांत हल्ली जमिनीखाली चमकणाऱ्या धाग्यांनी जोडलेली झाडंही खूप दिसतात, म्हणून त्याबद्दलही सांगते. झाडांची मुळं आणि बुरशी यांचं साहचर्य पक्कं आहे. आल्बर्ट फ्रांक यांनी १८८५ साली त्याला मायकोरायझा हे नाव दिलं. १९९७ साली सुझान सिमार्ड आणि सहकाऱ्यांनी भूर्ज आणि डग्लस फर यांच्या रोपांमध्ये कार्बनची देवाणघेवाण होते हे दाखवलं. त्यानंतर झाडं एकमेकांना निरोप देतात, आई झाड पिल्लांना जेवू घालतं अशी वर्णनं सगळीकडे पसरली. २०२३ साली याच विषयातल्या अभ्यासकांनी जुने प्रयोग पुन्हा तपासले. जंगलात हे सगळं या बुरशीच्या जाळ्यातून घडतं असं ठामपणे म्हणण्याइतका पुरावा नाही, असं त्यांनी लिहिलं. तेव्हा प्रकाशाच्या दोऱ्या काढण्याआधी कुजलेल्या पाचोळ्याचा एक थर उचलून बघा. दोन ओल्या पानांना चिकटवून धरणारे बुरशीचे पांढरे धागे खरोखर दिसतात. ती बहुधा कुजवणारी बुरशी असते, पण ती तुमच्या डोळ्यांसमोर काम करते आहे. जे दिसलं ते काढा. बघून झालं की पाचोळा होता तसा ठेवा, आणि दगड उचललात तर तोही त्याच बाजूने परत टेकवा. त्याखाली राहणाऱ्यांचं छप्पर आहे ते.

रचनेबद्दल थोडं. आल्ब्रेख्त ड्यूरर या जर्मन चित्रकाराने १५०३ साली गवताचा एक तुकडा जलरंगात काढला. गवताची पाती, दुधळ, रुंद पानांवर उभ्या शिरा असलेली रानटी रोपं, सगळी एकमेकांत घुसलेली. मधोमध कुणी नायक नाही आणि बघणाऱ्याचा डोळा जमिनीला टेकलेला आहे. तुमच्या चित्रात झाड राजासारखं मधोमध उभं असतं. ते काढून टाका. डोळा खाली आणा. आणि जिथे दोन गोष्टी एकमेकींना टेकतात तिथे दोन वेगळ्या कडा काढण्याऐवजी दोघींची मिळून एकच रेघ ओढा.

रंगांचा प्रयोग तर आजच करता येईल. सगळ्या चित्राला तीनच रंग घ्या, समजा अल्ट्रामरीन, यलो ऑकर आणि बर्न्ट सिएना. अळीचा हिरवा, पानाचा हिरवा, मातीचा काळपट तपकिरी, सावलीतला करडा हे सगळे या तिघांतूनच निघतील आणि चित्रातल्या प्रत्येक जीवात दुसऱ्याचा अंश आपोआप येईल. शिवाय अळीच्या पोटाकडे नीट बघा. तिथे पानावरून परतलेला हिरवा उजेड पडलेला असतो. तो रंग पानाचा आहे, पण दिसतो अळीच्या अंगावर.

आता साहित्य. हा भाग मला स्वतःला सगळ्यात आवडतो, म्हणून थोडी रेंगाळते. युरोपात शेकडो वर्षं ज्या शाईने लिहिलं गेलं, चित्रं काढली गेली, ती मायफळाची शाई. मायफळ हे फळ नव्हेच. ओक झाडाच्या फांदीवर गांधीलमाशीच्या गणातला एक कीटक अंडं घालतो, झाड त्या जागी गाठ तयार करतं आणि त्या गाठीत अळी वाढते. ती गाठ म्हणजे मायफळ. तिच्यात टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असतं. गाठी कुटून पाण्यात भिजवायच्या, गाळलेल्या पाण्यात हिराकस (फेरस सल्फेट) घालायचा, दाटपणासाठी डिंक. कागदावर ओढताना ही शाई फिकी दिसते आणि हवा लागली की काळी होत जाते. ती आम्लधर्मी असते, कालांतराने कागद खाते, म्हणून विकायच्या चित्राला वापरताना हे लक्षात ठेवा आणि हिराकस हाताळताना हातमोजे घाला. पण वहीतल्या अभ्यासासाठी करून बघाच. झाड आणि कीटक यांच्या नात्यावर चित्र काढताना ते नातं तुमच्या दौतीतच असेल.

दुसरा प्रकार सायनोटाइपचा, म्हणजे उन्हाने उमटणाऱ्या निळ्या ठशाचा. जॉन हर्शेल यांनी १८४२ साली ही रीत शोधली आणि पुढच्याच वर्षापासून ॲना ॲटकिन्स यांनी समुद्रशेवाळांचे ठसे याच रीतीने घेऊन त्यांचं पुस्तक काढायला सुरुवात केली. अमोनियम फेरिक सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांचं द्रावण कमी उजेडात कागदाला लावून वाळवायचं, वर पान ठेवून काच दाबायची, उन्हात धरायचं आणि पाण्याने धुवायचं. ऊन लागलेली जागा गडद निळी होते, पानाखालची पांढरी राहते. या कामाला गळून पडलेलं, भोकं पडलेलं पान घ्या. जिथे कुणी खाल्लं तिथून ऊन आत गेलं, म्हणून तेवढीच जागा निळी उमटते. न दिसणाऱ्या खाणाऱ्याचा आकार कागदावर येतो. अर्धा भाग ठसा आणि उरलेला हाताने काढलेला असंही करता येईल.

वेळेचं म्हणाल तर आठवड्याला तासभर पुरतो, एक अट पाळलीत तर. जागा बदलू नका. हातभर जागा निवडा, शक्यतो रोज येता-जाता दिसणारी, आणि तिथेच पुन्हा पुन्हा जा. मोठा कागद घ्या आणि प्रत्येक वेळी त्याच कागदावर काढा. मागच्या वेळची अळी आज नसेल तर तिची पेन्सिलची रेघ राहू द्या. त्यावरूनच आजचा कोळी जाऊ दे. पावसानंतर आणि टॉर्च घेऊन अंधारातही एकदा तरी जा, रात्रीची वस्ती वेगळी असते. फोटो वापरायला माझी हरकत नाही, पण पाय मोजायला, पंखांच्या शिरा तपासायला. नात्याचा पुरावा म्हणून फोटो धरू नका. इंटरनेटवरचे किड्या-बेडकांचे काही फोटो तर प्राण्याला उचलून, हवा तसा मांडून घेतलेले असतात.

आणि ती बुंध्याशी बसलेली बाई. तिला घालवू नका, तिचे डोळे मात्र उघडा आणि तिला काहीतरी करू द्या. ती पाणी घालते, फांदी छाटते, मावा दिसला की फवारा मारते, चप्पल तिथेच विसरते. तिच्या स्वतःच्या पापण्यांच्या मुळाशी नुसत्या डोळ्यांना न दिसणारे माइट नावाचे आठ पायांचे जीव राहतात, बहुतेक प्रौढ माणसांच्या चेहऱ्यावर ते असतात. झाडाशी तिचं नातं दाखवायला मुळांच्या नसा करायची गरज नाही, ती स्वतःच कुणाचं तरी झाड आहे. तुमच्या हातभर जागेत प्लास्टिकची पिशवी अडकली असेल तर तीही काढा. तिच्याखाली कोण राहायला आलं आहे हे उचलून बघितल्याशिवाय कळणार नाही.

राहिला तो बोचणारा प्रश्न. चित्राने झाड वाचतं का? कधी कधी वाचतं. १८७१ साली थॉमस मोरन हा चित्रकार यलोस्टोनच्या सर्वेक्षणाला गेला. त्याची जलरंगातली चित्रं आणि विल्यम हेन्री जॅक्सनचे फोटो अमेरिकेच्या काँग्रेस सदस्यांपुढे ठेवले गेले आणि १ मार्च १८७२ ला तो प्रदेश राष्ट्रीय उद्यान झाला. पण याच गोष्टीची दुसरी बाजूही आहे. निसर्ग म्हणजे माणूस नसलेली जागा ही समजूत अशा उद्यानांबरोबर घट्ट झाली आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या वावरणाऱ्या मूळनिवासींना पुढे हटवण्यात आलं. चित्रात काय गाळलं याचाही परिणाम होतो, म्हणून वर बाईबद्दल आणि पिशवीबद्दल इतका आग्रह धरला.

दुसरं उदाहरण योझेफ बॉइस या जर्मन कलावंताचं. १९८२ साली जर्मनीतल्या कासेल शहरात त्याने बेसॉल्टचे सात हजार दगड एका ढिगात रचले. एक झाड लावलं की त्याच्याशेजारी उभा करायला ढिगातला एक दगड उचलायचा. ढीग कमी होत जाईल तसतसं शहर झाडांनी भरत जाईल, ही त्याची कलाकृती. बॉइस १९८६ च्या जानेवारीत गेला आणि शेवटचं झाड १९८७ साली त्याच्या मुलाने लावलं. तिथे चित्र काढणं आणि झाड लावणं ही दोन वेगळी कामं उरलीच नाहीत.

तुम्ही सात हजार झाडं लावावीत असं मी म्हणत नाही. पण वर्षभर एका हातभर जागेकडे बघितलंत की तिथलं झाड कधी छाटलं गेलं, मावा कधी आला, यंदा कोण आलंच नाही, हे तुम्हाला माहीत असेल आणि बहुधा तेवढं नेमकेपणाने दुसऱ्या कुणाला माहीत नसेल. उद्या ते झाड पाडायची वेळ आली तर तुमच्या हातात तारखांसकट चित्रं असतील. नगरपालिकेपुढे किंवा सोसायटीच्या बैठकीत ती ठेवता येतील. एवढा उपयोग मला पुरेसा वाटतो. आणि तोही झाला नाही, तरी बघण्याचं काम वाया गेलं असं मी म्हणणार नाही.

शेवटी नावांबद्दल. चित्रांना ‘ऐक्य’, ‘चराचर’ असली नावं देऊ नका. ‘लिंबाचं पान, नागअळी, जून’ एवढं लिहा. जे कळलं नाही तेही खाली बारीक अक्षरात लिहा, ‘रेघ मध्येच का थांबली माहीत नाही’ असं. प्रदर्शनात उभा राहून ते वाचणारा कुणीतरी नेमकं तेच जाणणारा निघतो. पहिलं पान झालं की त्याचा फोटो या सदराकडे पाठवा, झाड कोणतं होतं हेही कळवा, म्हणजे पुढचं त्या पानावरूनच बोलता येईल.